झगा तुझ्याकडे येणार नाही

मार्लस्टन, डर्बीशायर
६ ऑक्टोबर १८८४

प्रिय थर्झाताई,

तू, भावजी, मुलं, कोंबड्या आणि ती दोन आळशी डुकरं, सगळी मजेत आहात असं धरून चालते. मी सुखरूप पोचले. आगगाडीत माझ्यासमोर एक पाद्रीबाबा बसले होते. दर स्टेशनाला माझ्याकडे बघून ते थोडे थोडे कोपऱ्यात सरकत होते. शेवटी खिडकीतून बाहेर पडतात की काय असं मला वाटायला लागलं. एडविन मात्र माझ्या शेजारी अंग चोरून बसले आणि एका शब्दानं कुरकुरले नाहीत.

सँडरविकमध्ये अजून कुणाचा विश्वास बसला नसेल. मार्थाआत्या जिला उठता-बसता "खायला काळ अन् भुईला भार" म्हणायची, त्या हेप्सीला नवरा मिळाला, तोही औषधाच्या कारखान्याचा मालक! हा माणूस आपल्या किनाऱ्यावर शेवाळ विकत घ्यायला येतो काय, मी ओली टोपली पाठीवर घेऊन चढ चढत असते काय, आणि माझं नाव विचारायच्या आधी हा माझं वजन विचारतो काय! तू तर हसून हसून वाळूत बसली होतीस. मीही हसले. पण खरं सांगू का? लठ्ठ बाईकडे लोक बघतात आणि लगेच नजर काढून घेतात. यांनी काढून घेतली नाही. तेवढ्यानंच माझं पाणी पाणी झालं.

घर चांगलं मोठं आहे. खाली दुकान, वर आम्ही, मागच्या अंगणात शेवाळ वाळवायची आणि उकळायची शेड. समुद्र इथून कित्येक मैल लांब, पण घरभर आपल्या किनाऱ्याचा वास भरलेला असतो. पहिल्या सकाळी डोळे उघडले तर वाटलं ओहोटी लागली आहे, उठायला हवं. खिडकीतून पाहिलं तर चिमण्या आणि धुराडी.

आपण जे फुग्याफुग्यांचं शेवाळ उकडून डुकरांना घालतो, ती गलेलठ्ठ व्हावीत म्हणून, तेच इथे बाटलीत भरून बायकांना देतात, त्या बारीक व्हाव्यात म्हणून. बाटलीवर छापलंय, "क्रिडलंडचा सागरी अर्क, मेदाचा हमखास शत्रू." मी एडविनना डुकरांची गंमत सांगितली. ते हसले नाहीत. "डुकराचा पिंड वेगळा आणि स्त्रीचा वेगळा," म्हणाले, आणि मऊ आवाजात पुढे म्हणाले, "हे दुकानात कुणाला सांगू नकोस हं."

दुकानाच्या दर्शनी खिडकीत दोन तसबिरी आहेत. त्यांच्या पहिल्या बायकोच्या, सेलिनाच्या. एकीत ती माझ्याइतकीच आडवी, खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी सांडलेली. दुसरीत तीच, पट्ट्यापट्ट्यांच्या राखाडी रेशमी झग्यात, चवळीची शेंग. खाली लिहिलंय, "आधी" आणि "नंतर". गेल्या वर्षी छातीत गारठा बसला आणि बिचारी गेली म्हणे. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी फोटोवाला आला आणि माझी "आधी"ची तसबीर काढून गेला. ती आता सेलिनाच्या शेजारी लागली आहे. माझ्यापुढे एक रिकामी चौकट टांगून ठेवली आहे. येणारे-जाणारे तिच्यात डोकावून बघतात, मला हसू येतं.

सासूबाईंचं काही कळत नाही. म्हातारी धडधाकट आहे, कान तिखट, डोळे सुईत दोरा ओवण्याइतके चांगले. पण मी खोलीत गेले की त्यांना मी दिसतच नाही. चहा दिला तर कप घेतात, पण देणाऱ्या हाताकडे बघत नाहीत. एडविन म्हणतात, "होईल सवय."

आईची कात्री तू माझ्या पेटीत घातलीस ते फार बरं केलंस. परक्या घरात एक तरी ओळखीची वस्तू हवी.

उद्यापासून मीही अर्क घेणार. जेवणाआधी एक चमचा. चव अशी की लहानपणी तू मला पाण्यात बुचकळलं होतंस त्याची आठवण यावी. पुढच्या वेळी भेटशील तेव्हा ओळखणार नाहीस मला, बघ!

तुझी लाडकी आणि अजून तरी लठ्ठ,
हेप्सी

—

मार्लस्टन
२४ नोव्हेंबर १८८४

प्रिय थर्झाताई,

तुझं पत्र आलं. धाकट्याचा खोकला गेला, शेवाळाची दुसरी खेपही इथे नीट पोचली, बरं वाटलं. शेडमध्ये पोती सोडली तेव्हा मी मुद्दाम खाली गेले होते. एका गठ्ठ्याला तुझी गाठ होती, ती डावखुरी. सोडवावीशी वाटेना.

आता ऐक. मी उतरले! इथे दर बाजाराच्या दिवशी दुकानात खुर्चीचा काटा मांडतात. पितळेचा, झकपक. एका बाजूला गादीची खुर्ची, दुसऱ्या बाजूला वजनं. मला त्या खुर्चीत बसवतात आणि एडविन मोठ्यानं आकडा सांगतात. गर्दी तर अशी जमते की विचारू नकोस.

"अहो, गेल्या बाजारापेक्षा खरंच उतरली की!"

"खोटं असेल. परकरात खडे शिवले असतील आधी."

"खडे कशाला, गालच सांगतायत ना! दोन बाटल्या द्या बाई मला."

"दोन? तुला बॅरलच लागेल गं!"

मग सगळ्या हसतात, मीही हसते. पहिल्यांदा आकडा ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या शरीरासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या होत्या का गं?

एकच बाई त्या गर्दीत कधी काही विकत घेत नाही. बॅगशॉबाई. इथली सुईण तीच, आणि कुणी गेलं की न्हाऊमाखू घालून तयार करणारीही तीच. लोक म्हणतात, मार्लस्टनमध्ये येताना आणि जाताना पहिला हात हिचाच लागतो. ती दाराशी उभी राहून माझ्याकडे टक लावून बघते. आईची आठवण झाली. आईही अशीच बघायची ना, माणसाची लांबी-रुंदी घेतल्यासारखी.

गंमत म्हणजे मी खाते मात्र राक्षसासारखी. सकाळी पॉरिजचे दोन वाडगे, दुपारी मटण, चरबीचं पुडिंग. तरी पोटात खड्डाच. आणि थंडी म्हणून वाजत नाही. बाहेर दव गोठलंय आणि मी खिडक्या उघड्या टाकून बसते. एडविन म्हणतात, अर्क आत काम करतोय, चरबी जळतेय. डोळेही किती पाणीदार झालेत म्हणे माझे. कानात सतत लाटांचा आवाज येतो. आधी वाटलं शेडमधला बंब असेल. पण रविवारी बंब बंद असतो आणि लाटा चालूच असतात. असो, फुकटात समुद्र मिळाला.

सासूबाईंनी परवा पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून पाहिलं. खूप वेळ. मग म्हणाल्या, "आता जराशी दिसायला लागलीस."

मी म्हटलं, "मी तर आले तेव्हापासून इथेच आहे, सासूबाई. आणि तेव्हा तर जास्तच होते!"

त्यांना विनोद कळला नाही. उठून आतून तो राखाडी रेशमी झगा घेऊन आल्या, सेलिनाच्या "नंतर"मधला, आणि माझ्या कपाटाच्या दारावर टांगला. रेशीम काय सुरेख आहे ताई, हात फिरवला तर बोटांना लाज वाटावी. बारीक पांढरे पट्टे. कंबर एवढीशी. मी म्हटलं, बाजूच्या शिवणी सोडून बघते, थोडा सैल करता येईल. सुई-दोऱ्याची बाई मी, मला राहवतंय का? तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही. झगा तुझ्याकडे येणार नाही. तू झग्याकडे जायचं."

हाताला चांगला दाब होता म्हातारीच्या. तेव्हापासून तो तिथेच आहे. सकाळी उठल्यावर पहिलं दर्शन त्याचं. वाऱ्यानं थोडा हलतो, कारण खिडक्या मीच उघड्या ठेवते.

वसंतात फोटोवाला परत येणार. त्या दिवशी मी तो झगा घालून खुर्चीत बसायचं, काट्यावर शेवटचा आकडा घ्यायचा आणि रिकामी चौकट भरायची. एडविन सगळीकडे तसं छापणार आहेत. ते माझी पत्रं वाचून मगच पाकिटात घालतात हो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे म्हणतात. म्हणून अक्षर नीट काढते आहे.

तुझी, दिवसेंदिवस कमी होत असलेली,
हेप्सी

—

मार्लस्टन
१९ जानेवारी १८८५

प्रिय थर्झाताई,

नाताळ चांगला झाला. तू पाठवलेले धुरी दिलेले हेरिंग मासे मी एका बैठकीत संपवले आणि मग डबा चाटून पुसून ठेवला. अक्षर वाकडं आलंय त्याबद्दल रागावू नकोस. हात जरा थरथरतो. सुईत दोरा ओवायला सकाळ जाते. एडविननी सांगितलंय की शरीर हलकं झालं की हातही हलके होतात, त्यांना वजन धरायची सवय राहत नाही.

सगळे कौतुक करतात. रस्त्यात बायका थांबवून माझ्या कंबरेभोवती हात घालून बघतात. "बाई गं, काय जादू आहे!" एक तर परवा रडलीच. तिचं लग्न ठरत नाहीये. तिनं माझा हात हातात घेतला आणि दचकून सोडला. म्हणाली, "किती गरम आहे हो तुमचा हात! आणि आत काहीतरी पळतंय."

जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागतं एवढंच. मी आपली बसते, कानातल्या लाटा ऐकते आणि उठते.

सासूबाई आता माझ्याशी खूप बोलतात. माझे केस विंचरून देतात. कधी कधी मला "सेलिना" म्हणतात. मी पहिल्यांदा चूक सुधारली. मग सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाला किती टोकायचं. एडविन ऐकतात आणि पेपर वाचत राहतात.

त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही, हे तुला स्पष्ट सांगते. आवाज कधी चढत नाही. रोज चमचा स्वतः भरून देतात. मी एकदा विचारलं, "सेलिनाला शेवटी खूप त्रास झाला का हो?" तर डोळे भरून आले त्यांचे. म्हणाले, "गुण येत होता गं तिला. अगदी शेवटपर्यंत गुण येत होता."

परवा सगळे चॅपेलला गेले होते. मला जिना उतरवेना म्हणून मी घरीच होते. म्हटलं, हात लावायचा नाही तर नाही, बघायला काय हरकत आहे. झगा उजेडात धरला. बाजूच्या शिवणींना जुन्या टाक्यांची भोकं दिसतात, ओळीवर ओळ. बाई जशी उतरत गेली तसा झगा आत घेतलाय. काम बरं आहे. पण पाठीत एक शिवण आहे. मानेपासून थेट घेरापर्यंत, पट्ट्यांमधून आरपार. कुठलाही शिंपी तिथे शिवण घालणार नाही. पट्टे मोजून पाहिले तर पाठीतले काही पट्टे आत गायब आहेत. समोरून पाहिलं तर काही कळत नाही.

तुला आठवतं, जॅक हॅरिसन बुडाला होता आणि तीन दिवसांनी किनाऱ्याला लागला? आईनं त्याला लग्नाचा कोट चढवला होता. आपण दोघी कंदील धरून उभ्या होतो. त्याची आई म्हणाली, "बघा कसा चापून बसलाय, जसा आत्ताच शिवलाय." सहज आठवलं आपलं.

इथे बर्फ पुष्कळ पडलंय. पुडिंगसाठी बेदाणे महाग झालेत. फोटोवाल्याची तारीख ठरली, मार्चमधला पहिला बाजार. सासूबाई म्हणतात, अजून थोडं राहिलंय. झग्यापर्यंत पोचायला अजून थोडंच राहिलंय.

भावजींना नमस्कार सांग. मुलांना माझे गोड पापे.

तुझी,
हेप्सी

—

बॅगशॉबाईंच्या स्वयंपाकघरातून, मार्लस्टन
९ मार्च १८८५

थर्झाताई,

हे पत्र कुणी वाचलेलं नाही, त्यामुळे शुद्धलेखन जसं आहे तसं घे. मी चुलीजवळ बसले आहे. बॅगशॉबाई रस्सा ढवळते आहे आणि दर दोन ओळींनी म्हणते आहे, "पुरे, आधी खा."

तुझं फेब्रुवारीतलं पत्र मिळालं. सगळं कोंबड्यांबद्दल आणि शेवटी एक ओळ, "आईच्या कात्रीला धार लावून घे." एडविननं ते वाचलं. वाचून, तुला विश्वास बसणार नाही, कात्री स्वतः नेऊन धार लावून आणली. "बहीण तुझी व्यवहारी आहे," म्हणाला. मी जिन्यात बसून तोंडात परकर कोंबून हसले आणि मग रडले. म्हणजे तुला कळलं होतं. आता मी वेडी नाही असं मला वाटलं.

मग आता सरळ लिहिते, जे गेल्या पत्रात जॅक हॅरिसनच्या कोटात लपवलं होतं ते. ताठरलेल्या माणसाचे हात बाहीत जात नाहीत. म्हणून आई कपडा पाठीतून उभा कापायची, समोरून घालायची, आणि मागे ओढून टाचण्या लावायची. समोरून बघणाऱ्याला वाटावं, काय चापून बसलाय. आपण दोघींनी त्या टाचण्या किती वेळा हातात धरल्यात. त्या झग्याच्या पाठीत तोच काप आहे, ताई. सेलिनाची "नंतर"ची तसबीर ती गेल्यानंतर काढलेली आहे. डोळे फोटोवाल्यानं वरून रंगवलेत. नंतर एका बाजाराला मला काट्यासाठी खाली नेलं तेव्हा मी खिडकीशी जाऊन निरखून पाहिलं. ते दोन्ही एकाच दिशेला बघत नाहीत.

फोटो झाल्यावर रेशीम मातीत घालवायला म्हातारीचा जीव धजावला नाही. झगा काढून घेतला आणि सेलिनाला फ्लॅनेलमध्ये पुरलं. मग जिथे टाचण्या होत्या त्याच रेषेवर शिवून टाकला. त्यात ते पट्टे गेले. याचा अर्थ कळतो ना तुला? ती कंबर कधी कुणा जिवंत बाईची नव्हतीच. सेलिनाही श्वास चालू असताना त्या झग्यात मावली नव्हती. आणि मी रोज सकाळी उठून तो गाठायला निघत होते.

पळून का नाही आले म्हणशील. जिना उतरवत नव्हता हे एक. पण नुसतं तेवढंच नाही. ताई, मला बारीक व्हायचं होतं. कुणी माझं तोंड उघडून चमचा घातला नाही. झग्याचं सगळं कळल्यावरसुद्धा मी आणखी आठवडाभर अर्क घेतला. माझं मन म्हणायचं, एवढी आलेच आहे तर अजून थोडं. आरशातल्या त्या बाईची मला भीती वाटायची आणि तिचा अभिमानही वाटायचा. हे फक्त तुलाच सांगते आहे.

बाजाराच्या दिवशी सकाळी सगळे खाली काटा मांडायला गेले. मी आईची कात्री काढली आणि पाठीतली ती शिवण टाका टाका करून उसवली. हात थरथरत होता, पण धार छान होती. मग झगा समोरून चढवला. बाह्यांत हात सहज गेले. समोरून अगदी तिच्यासारखा बसला. वरून शाल घेतली.

सासूबाई वर आल्या. मला बघून दारातच थबकल्या. मग जवळ येऊन माझे दोन्ही गाल हातात घेतले. इतक्या मायेनं मला या घरात कुणी हात लावला नव्हता.

"आलीस," म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो. आले."

खाली ही गर्दी! पायरीवर, काउंटरवर, दाराबाहेर बायकाच बायका. फोटोवाला काळ्या कापडाखाली. एडविननं हात देऊन मला खुर्चीत बसवलं, वजनं ठेवली, आकडा सांगितला. टाळ्या कडाडल्या. कुणीतरी म्हणालं, "हुबेहूब सेलिना!"

"शाल काढ आता, हेप्झिबा," तो म्हणाला. "लोकांना बघू दे."

मी उठले. खुर्ची वर गेली, वजनं खाली आपटली. मी शाल काढली आणि लोकांकडे पाठ केली.

आधी एक-दोन पोरी फिदीफिदी हसल्या. पाठीवर नुसती शमीज दिसत होती ना, आणि तिच्यातून मणके. मग हसू एका बाजूनं विझत गेलं. ताई, मार्लस्टनमध्ये एक बाई अशी नसेल जिनं घरातल्या कुणाला तरी शेवटचा कपडा चढवलेला नाही. मला त्यांची तोंडं दिसत नव्हती. समोर फक्त एडविन होता आणि तो हसत होता, कारण त्याला अजून काही कळलं नव्हतं. प्रेताला कपडे चढवताना पुरुषांना आधी बाहेर पाठवतात ना.

मग मागून पावलं आली. एक खडबडीत बोट माझ्या मानेपासून खाली कापडाच्या कडेनं फिरत गेलं.

"हा काप माझा आहे," बॅगशॉबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "डाव्या खांद्याशी माझी कात्री घसरली होती, ही बघा खूण. हा झगा मी सेलिनाच्या अंगावर कापला. हिच्या सासूनं मला शपथेवर सांगितलं होतं की पोरगी यातच पुरली."

"बॅगशॉबाई, हे काय बोलता चारचौघांत?" एडविन म्हणाला.

"तुम्ही तिला चारचौघांतच टांगलीय की खिडकीत."

 सगळ्या बायका हळूहळू खिडकीतल्या तसबिरीकडे वळल्या. वर्षभर रोज येता-जाता पाहिलेली ती तसबीर. एकीच्या हातातली बाटली खाली पडली, आणि दुकानभर समुद्राचा वास पसरला. एडविन माझ्याजवळ आला. मला वाटलं आता ओरडेल. तर त्यानं शाल उचलून माझ्या खांद्यावर घातली आणि अगदी मनापासून म्हणाला, "पण ती बारीक झाली होती. हे तर कुणी नाकारू शकत नाही ना? औषधानं शब्द पाळला होता."

तो खोटं बोलत नव्हता. तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं.

बॅगशॉबाईनं मला कंबरेत धरून बाहेर काढलं. दारात ती लग्न न ठरणारी मुलगी उभी होती, रडून डोळे लाल झालेली. मला वाटलं ती मला काही धीराचं बोलेल. ती बॅगशॉबाईला चुकवून आत सरकली आणि हळूच म्हणाली, "एक बाटली राहिली असेल तर द्याल का?"

झगा काल आम्ही नेऊन सेलिनाच्या थडग्यात पुरला. बॅगशॉबाईनं खुरप्यानं खड्डा केला. मी बसूनच होते. दोघींनी तिची माफी मागितली, मी तिच्या "आधी"च्या तसबिरीवर हसले होते म्हणून आणि बॅगशॉबाईनं म्हातारीवर विश्वास ठेवला म्हणून. सासूबाई चॅपेलच्या फाटकाशी उभ्या होत्या. मी समोरून गेले, अगदी हातभर अंतरावरून. त्यांना मी दिसले नाही. आता परत दिसेनाशी झाले आहे.

गावातल्या बायका दुकानात जात नाहीत. पण आगगाडीनं बाहेरगावचे लोक येतात, त्यांना काय माहीत? आज सकाळी मी बॅगशॉबाईच्या खांद्याला धरून तिथून गेले. खिडकी बदलली आहे. सेलिनाची "आधी"ची तसबीर काढून टाकली आहे, रिकामी चौकटही नाही. आता तिथे दोनच तसबिरी आहेत. "आधी" म्हणून मी आणि "नंतर" म्हणून ती. एक जोडपं काचेशी वाकून बघत होतं. बाई म्हणाली, "तीच आहे हो. डोळे बघा ना, डोळे कुठे बदलतात?" मी तिच्या शेजारीच उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

इथले डॉक्टर म्हणतात, अर्क बंद केला तरी छातीतली धावपळ लगेच थांबणार नाही. थांबेल की नाही हेही ते सांगत नाहीत. लाटा अजून ऐकू येतात. या आपल्या लाटा आहेत की माझ्याच आत काही फुटतंय, हे मला खऱ्या समुद्राशी ताडून बघायचं आहे. म्हणून तू ये. शेवाळाची पोती इथे परत पाठवू नकोस, वाटेल तेवढी उपासमार झाली तरी. डुकरांना घाल सगळं, बिचारी त्यावर चांगली फुगतात.

एकटी येऊ नकोस, भावजींना आण, मला उचलावं लागेल. फार जड पडणार नाही. आणि माझा तो निळा लोकरीचा झगा आण, लग्नाआधीचा, ज्यात आता माझ्यासारख्या दोघी मावतील. आत घेऊ नकोस. एक टाकासुद्धा घालू नकोस. तो तसाच राहू दे. मी येईन त्याच्याकडे, सावकाश, चरबीचं पुडिंग खात खात. आणि नाहीच पोचले तर, ताई, तूच मला तो चढव. समोरून घाल, बाह्यांत हात घालून, जिवंत माणसाला घालतात तसा. तेवढा सैल आहे तो. पाठीतून कापायची वेळ येणार नाही.

तुझी, जेवढी उरली आहे तेवढी सगळी,
हेप्सी